ज्याचा टॅग त्यानंच काढायचा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जेवणावरून उठलो आणि ही डायरी शोधून काढली. कंपनीनं जानेवारीत भेट म्हणून दिली आणि मार्चात मला घरी बसवलं. पहिली पानं दुधवाल्याच्या खाड्यांनी भरली आहेत, बाकी कोरी. घरात कोणाशी बोलायचं नाही असं ठरवल्यावर कुठंतरी बोलावं लागतंच.

भांडण गाडीवरून. सुप्रिया, माझी मुलगी, साजगावच्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि रविवारी मातीतल्या शर्यतीची मोटरसायकल चालवते. लोकांच्या मुली रविवारी केसांना मेंदी लावतात, आमची ढिगाऱ्यांवरून उड्या मारते. गेल्या महिन्यात कर्जतच्या अलीकडे सरावाला पडली. मी ट्रॅकच्या कडेच्या दोरीशी उभा होतो. ती गाडीखाली, खांद्याचं हाड मोडलेलं, आणि ॲक्सिलेटर अडकून गाडी आडवी पडल्या पडल्या किंचाळत होती. आडव्या गाडीत ऑइल वर चढत नाही. किंचाळून किंचाळून इंजिन आतल्या आत खरवडलं आणि गप्प झालं. सुप्रियाचा तर आवाजच नव्हता. तिचा आवाज येईपर्यंत माझं काय झालं ते लिहिण्यात अर्थ नाही.

आज डॉक्टरनं खांद्याचा पट्टा सोडला. जेवताना सुप्रिया म्हणाली, "बाबा, गाडी अब्बासचाचांकडं टाकते. एकवीस डिसेंबरला रेस हाय."

अब्बास म्हणजे चौकला हायवेवर ज्याचं गॅरेज आहे तो. माझा शाळेपासूनचा दोस्त. तिथं गाडी टाकायला काहीच हरकत नव्हती. तरी मी म्हणालो, "गाडी कुटं जानार नाय. इंजिन मी बांधनार."

छाया, म्हणजे सौभाग्यवती, भात वाढता वाढता म्हणाली, "तुमी पंप बांधलंत जन्मभर."

"पंपात फिरतं ते इंजिनातबी फिरतं."

"आनी वेळेत नाय झालं तं?" सुप्रिया.

ह्या रेसला पुण्याचे टीमवाले पोरी निवडायला येणार आहेत. निवडली तर गाडी त्यांची, शिकवणारे त्यांचे, आणि ही तिकडेच राहणार. मिसरूडही न फुटलेल्या पोरांबरोबर खड्ड्यात पडत ही ह्याच दिवसाची वाट बघत आली आहे. मला ठाऊक आहे ते. पण वेळेत नाही झालं तर, असं बापाला विचारायची काय गरज होती?

कंपनी सोडताना मी एकच वस्तू घरी आणली, माझा टॅग. प्लास्टिकमध्ये बसवलेला लाल पुठ्ठा, 'काम चालू आहे, चालू करू नये', खाली माझं नाव. मशीन उघडायच्या आधी स्विचला टॅग लावायचा. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी हात लावायचा नाही, कारण टॅगच्या पलीकडे कोणीतरी मशीनमध्ये हात घालून बसलेला असतो. पाळी संपली आणि काम उरलं तर पुढच्या पाळीचा फिटर मशीनपाशी येतो. काय झालं, काय राहिलं, कशाला जपायचं, हे समोरासमोर सांगायचं. मग आपला टॅग काढायचा, त्यानं त्याचा लावायचा. ह्याला चार्ज देणं म्हणतात.

माझ्या शेवटच्या दिवशी चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. माझी जागा भरायची नव्हती त्यांना. पंपाशी जरा उभा राहिलो, टॅग काढला, खिशात घातला आणि मोहोपाड्याच्या नाक्यावर गाडीची वाट बघत बसलो.

तर तो टॅग आज पडवीत जाऊन सुप्रियाच्या गाडीच्या हँडलला बांधला. ती दारातून बघत होती. ती शाळेत असताना परीक्षा आली की असलाच टॅग मी टीव्हीला लावून दुसऱ्या पाळीला जायचो. तिनं एकदाही टीव्ही लावला नाही. तिच्या आईनं लावला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी अब्बासकडे गेलो. विचारायला नाही, चहाला.

त्यानं चहा सांगितला आणि हसत बसला. "ऐकलंय मी. पोरीनं फोन केलता. इंजिन तू बांधतोस म्हनं."

"मंग? येत नाय मला?"

"येतंय की. हेड उघड, सिलिंडर काड, बोअर करून आन, पिस्टन नवीन टाक. रॉकेट नाय ते. टायमिंगची खून बघून चेन चढव म्हंजे झालं. अडला तं मी हाय." मग बशीतला चहा संपवून म्हणाला, "सहदेव, येक सांग. पोरीला ती गाडी चालवू द्यायची हाय ना तुला?"

हा काय प्रश्न झाला? चालवायची नसती तर बांधायला कशाला घेतली असती? असं त्याला म्हणालोही. तो हो हो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. दोस्त जुना झाला की चावट होतो.

परत येताना डोकं तापलेलं होतं. घरापर्यंत चालतच आलो.

९ नोव्हेंबर, रविवार

इंजिन उघडलं.

छायाची जुनी साडी पडवीत अंथरली, तिच्यावर एकेक वस्तू क्रमानं मांडली. बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून ज्याचे त्याच्या जागी खोचले. हेड निघालं, सिलिंडर वर उचलला, पिस्टन बाहेर आला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे, मांजरानं दार ओरबाडावं तसे. सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तर नखाला लागत होते. कित्येक महिन्यांनी हाताला ग्रीसचा वास लागला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

सुप्रिया टॉर्च धरून होती. उजवा हात अजून पुरता वर जात नाही तिचा, डाव्यानं धरत होती. मधेच म्हणाली, "मी खोलू का एक बोल्ट?" मी म्हणालो खांदा सांभाळ. ती म्हणाली, पाना धरायला खांदा लागत नाय. मी म्हणालो, टॅग कोणाचा आहे?

नियम म्हटला की ती वाद घालत नाही. जाताना एवढंच विचारलं, "किती दिवस?"

होईल म्हणालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिलिंडर बोअर करायला, म्हणजे ओरखडे जाईपर्यंत आतून कोरून घ्यायला, घेऊन हिंडतो आहे. खोपोलीचा लेथवाला बरा वाटला, पण त्याच्याकडे धूळ फार. दुसऱ्याचं मशीन जुनं. तिसरा माणूस चांगला, पण बोलता बोलता मोबाइल बघत होता. असल्या माणसाच्या हातात सिलिंडर द्यायचा? अब्बास म्हणाला, माझ्या ओळखीचा पनवेलला आहे, दे मी पाठवतो. मी म्हणालो बघू. ओळखीचा म्हणजे चांगलाच असं थोडंच आहे.

पिशवीतून सिलिंडर काढला आणि परत साडीवर ठेवला. छाया सूप घेऊन पावटा निवडत बसली होती. म्हणाली, "पोरीच्या स्थळात कोनी येवढ्या खोडी काडल्या नसतील. नाचता येईना, अंगन वाकडं."

"तुला काय कळतं गं बोअरमधलं?"

"बोअरमधलं नाय कळत," ती म्हणाली आणि पावटा निवडत राहिली.

दिवसभर एका जागी बूड टेकत नाही. पाने पुसून ठेवले, परत काढून पुसले. संध्याकाळी उगीचच चौकपर्यंत जाऊन आलो. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं आहे. घरी बसलेल्या माणसाचं असंच होत असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुप्रियानं आज मला धोबीपछाड दिली.

सकाळी आंघोळ करून आलो तर ही सिलिंडर फडक्यात गुंडाळून दारात उभी. मी म्हणालो, टॅग आहे. ती म्हणाली, "टॅग गाडीला हाय, बाबा. सिलिंडर गाडीला नाय. सिलिंडर चार दिस साडीवर झोपलाय."

नियमाप्रमाणे बरोबर होतं तिचं.

अब्बासबरोबर पनवेलला जाऊन संध्याकाळी परत आली. बोअर उत्तम झालेलं, मला एकही खोड काढता आली नाही. सोबत नवा पिस्टन, रिंगा, आणि पॅकिंगचं पाकीट. पॅकिंग म्हणजे सिलिंडर आणि खालचा चेंबर ह्यांच्यामध्ये बसतो तो कातरलेला कागद, ऑइल बाहेर येऊ नये म्हणून. पाकीट उजेडाला धरून बघितलं. पापडासारखा पातळ. जन्मात मी असलं पॅकिंग कुठल्या पंपाला लावलं नाही. ह्याच्या भरवशावर पोरीला बसवायची? पाकीट तसंच फळीवर ठेवून दिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पॅकिंग मी स्वतः कापलं.

कंपनीतली शीट शिल्लक होती घरी, चांगली जाड, ॲसिडच्या लायनीला चालणारी. पंपाच्या बिडाच्या कडेवर शीट ठेवून हातोडीनं ठोकत गेलं की पॅकिंग आपोआप कापलं जातं. आमच्या प्लँटमध्ये माझ्यासारखं पॅकिंग कोणी कापत नसे, दुसऱ्या डिपार्टमेंटचे माझ्याकडे यायचे. गाडीचं ॲल्युमिनियम मऊ, त्याच्यावर हातोडी चालवायची नसते. म्हणून कडेला ग्रीस लावून शीटवर ठसा घेतला, भोकं पंचानं पाडली, बाकी कात्रीनं. ऑइलच्या वाटेचं भोक बरोबर समोर आलं. गोलाई अशी की कोणी म्हणेल छापलंय.

सुप्रिया कामावरून आली, उभी राहून बघत होती. पॅकिंग हातात घेऊन बोटांनी दाबलं, मग फळीकडे बघितलं.

"जाड हाय ना?"

"जाड बरं. गळनार नाय."

ती मान हलवून आत गेली. मला वाटलं होतं कौतुक करेल.

३० नोव्हेंबर, रविवार

गाडी चालू झाली. तिसऱ्या किकला.

टायमिंगच्या खुणा जुळल्या, चेन चढली, एकही बोल्ट उरला नाही. किक तर लोण्यासारखी बसते, हातानं दाबली तरी खाली जाते. छायानं कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी टॅग काढला. सुप्रियानं गाडी भात कापलेल्या खाचरात घातली, दोन बांध ओलांडले, शेजारच्या लडकूच्या पेंढ्याच्या माचाला वळसा घालून परत आली. ऑइलचा एक थेंब गळला नाही.

हेल्मेट काढून म्हणाली, "बाबा, दम नाय गाडीत."

"नवीन पिस्टन हाय. रुळंल."

"रुळल्यावर दम येतो, पन असा जात नाय. बांधावर चढताना मागं बघायला लागली."

मी म्हणालो, घाई करू नको, हळूहळू येईल. तिनं वाद घातला नाही. खरं सांगू? तिनं दम नाही म्हटल्यावर मला वाईट वाटायला पाहिजे होतं. एवढं राबून बांधलेलं इंजिन. पण आतून गार गार वाटलं, ऊन उतरल्यावर पडवीत बसावं तसं. आज बऱ्याच दिवसांनी दुपारी झोप लागली.

उठल्यावर टॅग परत लावला. थोडं काम बाकी आहे म्हणून सांगितलं. कुठलं काम ते तिनं विचारलं नाही, मलाही सांगता आलं नसतं.

७ डिसेंबर, रविवार

आज सराव होता. टॅग काढून दिला. गाडी अब्बासच्या टेंपोतून कर्जतला नेली, सुप्रिया आणि मी त्याच्या शेजारी पुढे बसलो.

तिथं मातीचे दोन ढिगारे आहेत, एकावरून उडायचं आणि दुसऱ्याच्या उतारावर उतरायचं. मधे खड्डा. गेल्या वेळी ती ह्याच्याच पुढच्या वळणावर पडली होती. मी दोरीशी उभा. मनात म्हणालो, गाडी मवाळ आहे, जास्त उडणार नाही, चांगलंच आहे.

ती आली, उडाली, आणि कमी पडली. मागचं चाक दुसऱ्या ढिगाऱ्याच्या उतारावर उतरायच्या ऐवजी माथ्यावर आपटलं. गाडी पुढे तोंडावर गेली. कशी सावरली तिनं तिला ठाऊक, दोन्ही पाय हवेत होते.

गाडी बाहेर आल्यावर अब्बासनं किक हाताच्या पंजानं दाबली. ती खाली गेली. परत दाबली.

"सहदेव, कंप्रेशन गेलं कुटं? नवीन पिस्टन, नवीन रिंगा, आनी किक हातानं बसते? सिलिंडर वर उचलल्यासारका वाटतोय. खालचं पॅकिंग कुटलं टाकलंस?"

"पाकिटातलं," मी म्हणालो.

असं का बोललो देव जाणे. सुप्रिया शेजारीच उभी होती, हातमोजे काढत. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

अब्बास म्हणाला, "मंग मला कळत नाय. पन येक ध्यानात ठेव. लोकांना वाटतं ताकदीच्या गाडीवरून पोरं पडतात. मवाळ गाडी जास्त पाडते. उडी आर्धी मारून कोन जगलंय?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. पण मी काय खाल्लं आहे? गळू नये म्हणून जाड पॅकिंग टाकलं, ह्यात चूक काय?

९ डिसेंबर, मंगळवार

फळीवरचं पाकीट दिसतं म्हणून पडवीत बसलो नाही. परसात बसलो तर खिडकीतून फळी दिसते. खालापूरला बँकेत काम काढलं, जाऊन आलो. काम नव्हतंच.

छायानं संध्याकाळी चहा दिला आणि समोरच बसली. ती बसते तेव्हा काहीतरी निघणार.

"अवो, तिला घरी बसवून ठेवायची असंल तं तोंडानं सांगा. इंजिनाला कशाला सांगता?"

मी म्हणालो, काहीतरी बोलू नकोस.

"मी कायतरी नाय बोलत. पोरगी पडली तवापास्नं तुमी त्या गाडीला हात लावून बसलाय. कदी बोअर वाईट, कदी लेथवाला वाईट. आता गाडी चालू झाली तरी लाल पुठ्ठा हायच. मलाबी भ्याव वाटतं. मी देवाला सांगते, तिलाबी सांगते. तुमी कुनालाच सांगत नाय."

चहा तसाच ठेवून उठलो. एवढी वर्षं संसार केला आणि बाई मला म्हणते मी मुद्दाम गाडी बिघडवली. मी फिटर आहे. मुद्दाम मशीन बिघडवणाऱ्याला आम्ही गेटच्या बाहेर काढत असू.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस लिहिलं नाही.

आज घरात कोणी नसताना पाकीट फोडलं. पातळ पॅकिंग बोटांत धरलं. माझं पॅकिंग ज्या शीटमधून कापलं तिचा उरलेला तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. गाडी बनवणाऱ्यानं पॅकिंगची जाडी अंदाजे नाही ठरवली, हे मला पहिल्या दिवशी कळायला पाहिजे होतं. सिलिंडर जेवढा वर बसेल तेवढी वरची जागा वाढणार, तेवढा दाब, म्हणजे कंप्रेशन, कमी होणार. हे मी शिकाऊ पोरांना पंपावर शिकवलेलं आहे. मला ते येत नव्हतं असं नाही.

येत होतं आणि तरी टाकलं. छायाचं खरं असेल तर मग मी कसला फिटर. आणि खोटं असेल तर टॅग अजून का आहे गाडीला.

उद्या सुप्रियाला सुट्टी आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी चहा झाल्यावर तिला म्हणालो, "चल, चार्ज घ्यायचाय तुला."

ती थांबली. चार्ज काय असतो ते तिला ठाऊक आहे. कामावर तीही देते, क्वालिटीत. पडवीत आलो, गाडीच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिलो. मी फिटर फिटरला सांगतो तसं सांगितलं.

"काय झालं ते ऐक. हेड उघडलं, सिलिंडर बोअर करून आनला तो तू. पिस्टन, रिंगा नवीन. टायमिंग बरोबर. काय राहिलं, तं खालचं पॅकिंग. मी जाड टाकलंय. गाडीत दम नाय तो त्याच्यापायी. अब्बासला खोटं सांगितलं. गळू नये म्हनून टाकलं असं मला वाटत होतं. आता वाटत नाय."

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. पाकीट तुमी फोडलंच नव्हतं."

"मंग बोललीस का नाय?"

"टॅग तुमचा होता." मग म्हणाली, "आनी मी वाट बघत होते. तुमी रेसला नको म्हनाल म्हनून. म्हनला असता तं भांडले असते. तुमी म्हनलाच नाय. भांडायचं कोनाशी?"

मला खाली बघायला लागलं. साडीवर अजून ग्रीसचे डाग आहेत, पिस्टन ठेवला होता तिथं गोल.

"मला भीती वाटते गं," मी म्हणालो. "तू खाली आनी गाडी ओरडत होती, ते येक वेळ चालंल. पन ती गप्प झाली ना, ते डोक्यातनं जात नाय. कुटं आवाज थांबला की तेच. मिक्सर थांबला तरी."

सुप्रियानं विचारलं,

"गाडी आपोआप बंद पडली?"

"मंग? इंजिन जाम झालं."

"मला वाटलं तुमी बंद केली." ती हँडलवर हात ठेवून बोलत होती. "मला कायच दिसत नव्हतं, तोंडात माती. गाडी गप्प झाली आनी मला वाटलं, बाबा आले. म्हनून मी ओरडले नाय. पडून राहिले निवांत."

डोळे भरून आले, लपवले नाहीत. तिचेही आले.

मग ती म्हणाली, "कशाला जपायचं ते राहिलं सांगायचं."

तिसरी गोष्ट राहिलीच होती. म्हणालो, "पॅकिंग लावताना दोन्ही कडा कोरड्या पुसून घे. बोल्ट समोरासमोरचे आवळ, येका बाजूनं नको. चेन सैल सोडू नको. आनी खांद्याला जप."

"घेतला चार्ज."

मी टॅगची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दात लावायला लागले. ती आत गेली आणि बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घेऊन आली. लाल खडूनं लिहिलेलं, 'काम चालू आहे, चालू करू नये, सुप्रिया'. तिनं तो बांधला.

मार्चात माझ्याकडून चार्ज घ्यायला कोणी नव्हतं. ते मी कोणाला बोललो नव्हतो, आजही बोललो नाही.

दुपारभर तिनं इंजिन उघडलं, मी टॉर्च धरून बसलो. उजव्या हातानं टॉर्क लावताना दोनदा थांबली, खांदा चोळला. दोनदाही मी पाना मागितला नाही. जीभ चावून बसलो होतो. माझं जाड पॅकिंग निघालं, तिनं ते फेकलं नाही, फळीवर ठेवलं. म्हणाली, "कापलंय मात्र एक नंबर."

१४ डिसेंबर, रविवार

अब्बास आला. किक मारायला गेला आणि किकनं पाय उलटा फेकला. पोटरी धरून हसत बसला. म्हणाला, "आता आलं कंप्रेशन. बांधलं कोनी?"

मी सुप्रियाकडे बोट दाखवलं. मग त्याला पॅकिंगचं खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला म्हायती होतं रं." ह्या गावात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

२१ डिसेंबर, रविवार

जायचं नाही असं पहाटे ठरवलं होतं. छाया म्हणाली घरी बसून काय मिक्सर ऐकणार का. गेलो.

गर्दी होती. मुलींची रेस उन्हं चढल्यावर लागली. सुप्रियानं सुटायच्या आधी हँडलचा टॅग सोडून जाकिटात घातला. मी त्याच दोरीशी, अब्बास एका बाजूला, छाया दुसऱ्या. छायानं माझं मनगट धरलं होतं, मी तिचं धरलंय असं लोकांना दाखवत.

गाड्या आल्या. ती ढिगाऱ्यावर चढली तेव्हा आवाज मोठा होता, भरलेला. माथ्यावरून सुटली. हवेत असताना ही पोरं ॲक्सिलेटर सोडतात. आवाज गेला. तसाच गेला, त्या दिवशी गेला होता तसाच. तरी मी बघत होतो.

ती उतारावर उतरली, दोन्ही चाकं बरोबर, आणि तिनं ॲक्सिलेटर परत पिळला. तो आवाज मी ओळखतो. तिनं बांधलेला आहे.

तिसरी आली. पुण्याच्या टीमच्या बाईनं तिचा नंबर लिहून घेतला, फेब्रुवारीत या म्हणाली. छाया रडली आणि लगेच टेंपोत जागा धरायला पळाली.

घरी येऊन गाडी पडवीत लावली. सुप्रियानं तिचा पुठ्ठा काढून हँडलला बांधला, एअर फिल्टर साफ करायचं राहिलं आहे म्हणाली. मी फिल्टर कसा धुवायचा ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं ती बघेल.

छायानं शर्ट धुवायला मागितला. माझा टॅग खिशात होता, तो काढून टीव्हीवर ठेवला.

"आता मी टीवी लावू का नको?" छाया म्हणाली.

लाव म्हणालो.